गुडघ्यात इंजेक्शन घ्यावे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गुडघ्याच्या झिजेवरील लेखानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख सांध्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांकडे आहे. काहींना ते सुचवण्यात आले आहे पण घेण्याची धास्ती वाटते, तर काहींनी ते पूर्वी घेतले असून आता पुन्हा घ्यावे की नाही हे त्यांना ठरवायचे आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. गुडघा प्रत्यक्ष तपासल्यावाचून कोणालाही उपचार ठरवून देता येत नाही. तेव्हा आपल्या डॉक्टरांना नेमके काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठीच ही उत्तरे वाचावीत.

प्रश्न : माझे वय ६२ असून आम्ही दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. उजवा गुडघा तीन वर्षांपासून दुखतो. जिना उतरताना दुखणे वाढते आणि गेल्या महिन्यापासून रात्री कूस बदलतानाही ठणका लागतो. गुडघ्यावर सूज आहे. वेदनाशामक गोळ्यांनी पित्त होते. डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्यास सांगितले आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात की एकदा सुई घेतली की सारखी घ्यावी लागते आणि शेवटी गुडघा निकामी होतो. मला मधुमेहही आहे. काय करावे? (एक भगिनी, बडोदा)

उत्तर : आपल्या वहिनींच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे आणि भीती बरीच आहे. ती वेगळी करण्यासाठी गुडघ्यात काय चालले आहे हे आधी पाहू. झिजेच्या संधिवातात हाडांच्या टोकांवरील कूर्चा, म्हणजे गुळगुळीत आवरण, पातळ होते, कडांना हाड वाढते आणि पाय हळूहळू धनुष्याकृती होऊ लागतो. हा बदल मागे फिरत नाही. परंतु याच्या जोडीला सांध्याच्या आतील अस्तराला अधूनमधून दाह होतो, त्यातून पाणी साचते, गुडघा जड होतो आणि रात्रीही ठणकतो. स्टिरॉइडचा उपयोग होतो तो या दाहावर. झिजलेली कूर्चा ते भरून काढत नाही आणि वाढलेले हाड विरघळवत नाही. आपल्या पत्रात सूज आणि रात्रीचे दुखणे या दोन्हींचा उल्लेख आहे व पोटाला गोळ्या सोसत नाहीत, त्यामुळे आपल्या डॉक्टरांची सूचना मला रास्त वाटते.

सांध्यात हे औषध देण्याची पद्धत काही आजची नाही. अमेरिकेत डॉ. हॉलंडर यांनी १९५१ मध्ये सांध्यातील हायड्रोकॉर्टिसोनच्या उपयोगाविषयी लिहिले, तेव्हापासून ती रूढ आहे. आपल्याकडे बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात. काही दिवसांत आराम पडू लागतो आणि तो सर्वसाधारणपणे दोन ते दहा आठवडे टिकतो. कोणाला याहून अधिक काळ बरे वाटते, कोणाला फारसा फरकच पडत नाही, आणि कोणाला कसा गुण येईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. व्यसन जडावे तशी या औषधाची सवय लागत नाही. औषधाचा अंमल ओसरल्यावर दुखणे परत येते, आणि मधल्या काळात त्यावर दुसरे काहीच केलेले नसल्यामुळे माणूस पुन्हा सुई मागतो; वहिनींनी पाहिले असेल ते हेच.

गुडघा निकामी होण्याविषयी मात्र गांभीर्याने बोलायला हवे. अमेरिकेत १४० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांच्या गुडघ्यात दर बारा आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन आणि उरलेल्यांच्या गुडघ्यात नुसते मिठाचे पाणी असे सलग दोन वर्षे देण्यात आले. शेवटी दोन्ही गटांच्या दुखण्यात लक्षणीय फरक आढळला नाही, पण स्टिरॉइड घेतलेल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर पातळ झाली होती आणि मिठाचे पाणी घेतलेल्यांची ०.१० मिलिमीटर. यावरून एका इंजेक्शनाने गुडघा बिघडतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. परंतु पंचांगात तारखा ठरवून, गुडघा न तपासता, दर तीन महिन्यांनी सुई घेत राहण्याला आधार उरत नाही, हे त्यावरून निश्चित म्हणता येते. एकाच गुडघ्यात दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिन्यांचे अंतर असावे आणि वर्षात तीन-चारांच्या पुढे जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. माझ्या मते ही शेवटची मर्यादा आहे. तेवढी घ्यायचीच असतात असा तिचा अर्थ कोणी लावू नये.

आपल्या मधुमेहाविषयी. सांध्यात दिलेले स्टिरॉइड काही प्रमाणात रक्तात उतरते आणि साखर वाढवते. ही वाढ पहिल्याच दिवसापासून दिसू शकते, दोन-तीन दिवस सर्वाधिक असते आणि बहुतेकांची साखर आठवडाभरात मूळ पातळीवर येते. इंजेक्शन घेण्यापूर्वी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी आणि ती फारच वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणावी. इंजेक्शनानंतर आठवडाभर घरच्या यंत्रावर सकाळी अनशेपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहून वहीत लिहावी. आपण इन्सुलिन घेत असाल तर मात्रा किती आणि केव्हा वाढवायची, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. साखर तीनशेच्या पुढे राहिली, वारंवार तहान लागू लागली किंवा ग्लानी आली तर वाट न पाहता त्यांना कळवावे.

प्रत्यक्ष इंजेक्शनाची भीती बाळगू नये. रुग्णाला टेबलावर उताणे निजवून गुडघ्याखाली कापडाची गुंडाळी ठेवतात, म्हणजे पाय किंचित वाकतो आणि मांडी सैल पडते. डॉक्टर बोटाने वाटीची वरची बाहेरची कड चाचपतात, तेथील त्वचा जंतुनाशकाने पुसतात आणि ते औषध वाळू देतात. हे वाळू देणे महत्त्वाचे आहे, कारण घाईने पुसून लगेच सुई टोचल्यास जंतुनाशकाला काम करायला वेळच मिळत नाही. सांध्यात पाणी असेल तर ते आधी ओढून घेतात आणि मग त्याच सुईतून औषध सोडतात. सारे काही मिनिटांत होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहींचा गुडघा आधीपेक्षा जास्त दुखतो; बर्फाने शेकल्यावर तो साधारणपणे एक-दोन दिवसांत शांत होतो. ते एक-दोन दिवस जिन्याच्या फेऱ्या टाळाव्यात, पण अंथरूण धरू नये.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. दुखणे कमी झालेले ते काही आठवडेच आपल्या कामाचे आहेत. गुडघा दुखतो म्हणून आपण पाय वाचवत चालतो, त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो, आणि स्नायू रोडावल्यामुळे सारा भार सांध्यावर येऊन गुडघा अधिक दुखतो. हे चक्र दुखण्याच्या भरात तोडता येत नाही. इंजेक्शनामुळे ते तोडण्यापुरती उसंत मिळते. अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांत १५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि दुसऱ्याला फिजिओथेरपी देण्यात आली होती. वर्षअखेरीस सुधारणा दोन्ही गटांत होती, पण फिजिओथेरपीच्या गटाचे दुखणे आणि हालचालीतील अडचण अधिक कमी झाली होती.

म्हणून इंजेक्शनाच्या तिसऱ्या दिवसापासून हे करावे. पलंगावर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवावा आणि गुडघ्याने तो खाली दाबावा. मांडीवर हात ठेवला तर स्नायू घट्ट झालेला कळतो. कळला नाही तर व्यायाम होत नाही असे समजावे. पाच आकडे मोजेपर्यंत धरून सोडावे. असे दहा वेळा, सकाळी व संध्याकाळी. आठवड्याने फिजिओथेरपिस्टकडून पुढचे व्यायाम शिकून घ्यावेत, ज्यांत खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम यायला हवेत. वाड्याचा जिना उंच पायऱ्यांचा असतो; चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा. कठडा किंवा जिन्यातला दोर धरण्यात कमीपणा मानू नये. काठी घेतल्यास ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे आपल्या बाबतीत डाव्या हातात असावी. वजन जास्त असेल तर थोडेसे कमी झाल्यानेही लाभ होतो, कारण शरीराचे एक किलो वजन उतरले की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. पित्तामुळे गोळ्या सोसत नसतील तर डायक्लोफेनॅकचे मलम गुडघ्याला दिवसातून तीन-चार वेळा लावून पाहावे. गुडघा त्वचेलगत असल्याने त्याचा चांगला उपयोग होतो.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा आहे. दोन्ही गुडघ्यांतील वंगण संपले आहे असे मला सांगण्यात आले असून एकाच मोठ्या इंजेक्शनाने ते भरता येते, म्हणजे पुढे ऑपरेशनची गरज पडणार नाही, असा सल्ला मिळाला आहे. खर्च बराच आहे. घ्यावे का? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : आपल्याला सुचवलेले औषध हायल्युरोनिक ॲसिडचे असावे. हा पदार्थ १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातील द्रवातून वेगळा केला. निरोगी सांध्यातील द्रवाला जो चिकट, बुळबुळीत गुण असतो तो त्याच्यामुळे येतो, आणि झिजलेल्या गुडघ्यात त्याचा दाटपणा कमी होतो हेही खरे आहे. त्यावरून बाहेरून ते भरावे ही कल्पना निघाली, आणि १९९७ मध्ये अमेरिकेत अशा इंजेक्शनांना परवानगी मिळाली. अडचण अशी आहे की बाहेरून घातलेला पदार्थ सांध्यात फार काळ राहत नाही. प्रकारानुसार काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो शोषला जातो. यंत्रात तेल घातल्यासारखे ते वर्षभर आत राहून काम करते, हे चित्र चुकीचे आहे.

उपयोग किती, याचा सर्वांत व्यापक आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मोठ्या आणि काटेकोर चाचण्या एकत्र पाहिल्या असता, शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर हे औषध आणि नकली इंजेक्शन यांत सरासरी दोन मिलिमीटरचा फरक निघाला. रुग्णाला स्वतःला जाणवावा यासाठी तो सुमारे नऊ मिलिमीटर असायला हवा. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे इंजेक्शन देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीनेही २०२१ मध्ये ते सरसकट वापरू नये अशीच शिफारस केली. दुसऱ्या बाजूने, काही संस्था निवडक रुग्णांत त्याला वाव ठेवतात आणि ज्यांना स्टिरॉइड देता येत नाही अशांच्या बाबतीत काही डॉक्टर ते देतात, हेही नमूद करायला हवे.

ऑपरेशन टळेल म्हणून हे इंजेक्शन घेऊ नये असे मी आपल्याला सांगेन, कारण तसे आश्वासन देण्याइतका पुरावा कोणाजवळही नाही. तेच पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टकडच्या दोन-तीन महिन्यांच्या भेटींवर खर्च केले तर अधिक सार्थकी लागतील. तरीही घ्यायचे ठरवल्यास औषध कोंबड्याच्या तुऱ्यापासून केलेले आहे की जिवाणूंपासून, हे विचारावे. अंडी किंवा कोंबडीची ॲलर्जी असणाऱ्यांनी पहिला प्रकार टाळावा. आणखी एक. आपला एक्स-रे उभे राहून काढलेला होता का? आडवे निजवून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधले अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसते आणि झिजेचा अंदाज चुकतो.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७४. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात. गुडघा सुजला म्हणून डॉक्टरांनी त्यातून पाणी काढले. नातेवाईक म्हणतात, पाणी काढले की सांधा कोरडा पडतो. पुढच्या वेळी इंजेक्शन द्यायचे झाल्यास गोळी बंद करावी लागेल का? (एक वाचक भगिनी, कारेलीबाग)

उत्तर : सांधा कोरडा पडत नाही. निरोगी गुडघ्यात जेमतेम काही थेंब द्रव असतो. दाहामुळे साचलेले पाणी हे त्यावरचे अनावश्यक ओझे असते. ते काढल्याने ताण उतरतो आणि गुडघा वाकू लागतो. मूळ दाह राहिला तर पाणी पुन्हा भरते, पण त्याचा दोष सुईवर येत नाही. काढलेले पाणी पेंढ्याच्या रंगाचे आणि पारदर्शक असेल तर बहुधा ते झिजेचेच असते. गढूळ निघाल्यास ते तपासणीसाठी पाठवायलाच हवे, कारण युरिक ॲसिडचे खडे किंवा जंतुसंसर्ग यांचा पत्ता तेथेच लागतो, आणि संसर्ग असताना स्टिरॉइड देणे घातक ठरते.

रक्त पातळ करणारी गोळी आपण स्वतःहून एक दिवसही बंद करू नये. गुडघ्यातील इंजेक्शनासाठी ती सहसा थांबवावी लागत नाही, आणि थांबवल्यास पक्षाघाताचा धोका सुईतून होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असतो. ती गोळी वॉरफरिन असेल तर रक्ताची अलीकडची आय.एन.आर. तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी, सोबत न्यावी. इंजेक्शनानंतरच्या दिवसांत गुडघा लाल आणि गरम झाला, दुखणे कमी होण्याऐवजी वाढतच गेले, पाय हलवता येईनासा झाला किंवा थंडी वाजून ताप आला, तर ती रात्रीची वेळ असली तरी रुग्णालयात न्यावे. सांध्यातील जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाल्यास काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. हे मी मधुमेहाच्या आणि वयस्कर रुग्णांच्या घरच्यांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना ताप येईलच असे नसते.

प्रश्न : वय ४९. लहानपणापासून नवरात्रात नऊही रात्री गरबा खेळते आहे. यंदा डावा गुडघा दुखतो. मैत्रिणीने नवरात्रापूर्वी इंजेक्शन घेतले होते आणि ती सगळे दिवस खेळली. मीही घेऊ का? (एक भगिनी, वाडी, बडोदा)

उत्तर : बडोद्यातील मराठी घरांत गणपती उठले की गरब्याची तयारी सुरू होते, आणि नऊ रात्रींतली एकही चुकू नये ही ओढ मी समजू शकतो. तरीही केवळ खेळता यावे म्हणून सांध्यात स्टिरॉइड घेण्याला माझा विरोध आहे. गरब्यात अनवाणी, कठीण जमिनीवर, तासन्‌तास पाऊल वळवत फेर धरावा लागतो. गिरकी घेताना पंजा जमिनीवर रोवलेला असतो आणि पीळ गुडघ्यावर पडतो. झिजेच्या सुरुवातीच्या काळात गुडघ्याच्या दोन हाडांमधल्या ज्या चकत्या विरळ झालेल्या असतात, त्यांना सर्वाधिक त्रास याच पिळाचा होतो. दुखणे ही अशा वेळी थांबण्याची सूचना असते, आणि ती दाबून टाकून नऊ रात्री खेळल्यास दहाव्या दिवशी गुडघा सुजून वर येईल अशी दाट शक्यता आहे. आपल्या मैत्रिणीला त्रास झाला नाही ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिचा गुडघा आपला नव्हे.

गुडघ्यावर सूज असेल, रात्री झोप मोडत असेल, तर इंजेक्शनाचा विचार त्या कारणासाठी जरूर करावा, आणि तो नवरात्राच्या तोंडावर न करता किमान सहा-आठ आठवडे आधी करावा, म्हणजे मधल्या काळात मांडीचे स्नायू तयार होतील. सूज नसेल तर इंजेक्शनाची गरजच नाही. आजपासून व्यायाम धरावा. मैदानात जाताना मऊ तळव्याचे बूट घालण्याची सोय असेल तेथे खेळावे, मोठ्या वर्तुळातला संथ फेर घ्यावा, गिरक्या आणि उड्या सोडाव्यात आणि एका फेरानंतर बसून घ्यावे. एक रात्र खेळून दुसरी विश्रांतीची ठेवली तर गुडघ्याला सावरायला वेळ मिळतो. सकाळी उठल्यावर गुडघा अर्ध्या तासाहून अधिक आखडलेला राहिला किंवा फुगलेला दिसला, तर त्या रात्री खेळू नये. कमाटीबागेत सकाळी सपाट रस्त्यावर चालण्याचा नेम या सर्वांच्या आधी सुरू करावा.

प्रश्न : वय ५४, रेल्वेत नोकरी. स्वतःच्याच रक्तातून काढलेले पी.आर.पी. गुडघ्यात दिल्यास कूर्चा पुन्हा तयार होते, असे ऐकले. स्वतःचे रक्त असल्याने अपायही नाही. तीन इंजेक्शनांची मालिका सुचवली आहे. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : हाताच्या शिरेतून रक्त घेऊन ते यंत्रात वेगाने फिरवतात, त्यातला बिंबिका म्हणजे प्लेटलेट अधिक असलेला भाग वेगळा करतात आणि तो सांध्यात सोडतात. बिंबिकांमध्ये जखम भरून येण्यास मदत करणारी द्रव्ये असतात, यावरून ही आशा निर्माण झाली. तिची काटेकोर परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. झिजेच्या सौम्य ते मध्यम अवस्थेतील २८८ रुग्णांना आठवड्याला एक याप्रमाणे तीन इंजेक्शने दिली गेली, अर्ध्यांना पी.आर.पी.ची आणि अर्ध्यांना मिठाच्या पाण्याची, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णांना सांगितले नव्हते. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. वर्षानंतर दोन्ही गटांचे दुखणे कमी झालेले होते, पण दोन्हींमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि कूर्चेच्या आकारमानातही नव्हता.

मिठाच्या पाण्यानेही दुखणे कमी झाले, हे वाचून रुग्णांना आश्चर्य वाटते. गुडघ्याचे दुखणे मुळात चढ-उताराचे असते, माणूस ते चढलेले असतानाच डॉक्टरांकडे जातो, आणि विश्वासाने घेतलेल्या उपचाराचाही गुण येतो. म्हणूनच ‘अमक्याला बरे वाटले’ हा पुरावा पुरत नाही. पी.आर.पी. तयार करण्याच्या पद्धती ठिकठिकाणी वेगळ्या आहेत आणि काही लहान अभ्यासांत तिचा लाभ दिसला आहे, त्यामुळे हा विषय कायमचा मिटला असे मी म्हणणार नाही. परंतु कूर्चा पुन्हा तयार होते असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर ते सांगणे खरे नाही. रक्त स्वतःचे असले तरी सुई सांध्यातच जाते, तेव्हा संसर्गाचा धोका शून्य होत नाही. मूळपेशींच्या इंजेक्शनांची जाहिरात पाहून विचारणारी पत्रेही आली आहेत. त्यांनाही माझे हेच उत्तर आहे, उलट तेथे अधिकच सावध राहावे.

याच संदर्भात एक धोक्याची सूचना. गुडघेदुखीवर नाव नसलेल्या पुड्या किंवा गोळ्या विकल्या जातात आणि चार दिवसांत चमत्कार झाल्यासारखे वाटते. अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेले आढळून आले आहे. सांध्यातील एका इंजेक्शनाचे प्रमाण ठाऊक असते. पुडीतून रोज किती पोटात जाते याला धरबंध नसतो, आणि चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे परिणाम त्यातून होतात. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नये. ती घेऊन डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. दोन्ही पाय वाकले आहेत, घरातल्या घरातही भिंत धरून चालते. सांधा बदलण्याचे ऑपरेशन दीड-दोन महिन्यांनी करायचे ठरते आहे. तोवर दुखणे सुसह्य व्हावे म्हणून एक इंजेक्शन घेतले तर चालेल का? (एक वाचक, गोत्री)

उत्तर : चालणार नाही. सांधा बदलण्याआधीच्या तीन महिन्यांत त्याच गुडघ्यात स्टिरॉइड दिल्यास कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, असे अनेक नोंदींवरून दिसून आले आहे. आणि तसा संसर्ग झाला तर बसवलेला सांधा काढून पुन्हा बसवण्यापर्यंत वेळ येते. शस्त्रक्रिया दीड-दोन महिन्यांवर असेल तर इंजेक्शन नको, आणि इंजेक्शन दिले गेलेच तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. इतर इंजेक्शनांच्या बाबतीतही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई टोचून घेऊ नये. आईंच्या वर्णनावरून झीज शेवटच्या टप्प्यात दिसते. या टप्प्यावर इंजेक्शनाचा गुण तसाही थोडाच येतो, आणि दुखणे सोसत वर्षे काढली तर स्नायू इतके क्षीण होतात की पुढे ऑपरेशन होऊनही चालणे लवकर सुधारत नाही. तेव्हा आपण ऑपरेशनचा निर्णय घेतला हे योग्यच झाले.

मधल्या दिवसांसाठी चार पायांचा वॉकर, कमोडची खुर्ची, डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल आणि वर सांगितलेले मलम यांवर भागवावे. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर तीव्र वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. टॉवेल दाबण्याचा व्यायाम ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत चालू ठेवावा. खर्चाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली असून, ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आईंचे आधार कार्ड घेऊन त्यांचे वेगळे कार्ड आधी काढून घ्यावे आणि निवडलेले रुग्णालय या शस्त्रक्रियेसाठी योजनेत आहे का, हे तेथील योजनेच्या खिडकीवर विचारावे. दात किडलेला असल्यास, लघवीला जळजळ असल्यास किंवा पायाच्या बोटांमध्ये चिखल्या असल्यास त्यांवर आधी उपचार करावेत, आणि गेल्या वर्षभरात कोणत्या गुडघ्यात कोणते इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले, हे एका कागदावर लिहून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती पहिल्याच भेटीत द्यावे.